प्रस्तावना : विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे हालचाल-शिक्षण

मूल मान धरते, कुशीवर वळते, पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते आणि एके दिवशी हात सोडून पाऊल टाकते. घरातली माणसे हे टप्पे कौतुकाने मोजतात. प्रत्येक टप्प्याबरोबर मुलाचे जगही बदलत असते. बसता आले की दोन्ही हात मोकळे होतात आणि वस्तू उलटसुलट करून पाहता येते. रांगता आले की जवळ-लांब, आत-बाहेर, वर-खाली यांचा अर्थ अंगाने कळतो. चालता आले की हवे तिथे जाता येते आणि नको तिथून निघूनही जाता येते. ज्या मुलाच्या बाबतीत हा क्रम लांबतो किंवा अडतो, त्याचे नुकसान हातापायांपुरते राहत नाही. वस्तू हाताळण्याच्या, माणसांशी खेळण्याच्या, चुकून पुन्हा करून पाहण्याच्या असंख्य संधी त्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या हालचालींचा विचार हा जितका वैद्यकाचा, तितकाच शिक्षणाचाही विषय आहे.

या विषयाच्या कक्षेत येणारी मुले एकसारखी नसतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. पण शरीर वाढत जाते तसे स्नायू आखडतात, सांधे वळतात, आणि परिणाम बदलत राहतो. काही मुलांचे स्नायू ताठर असतात, काहींच्या हातापायांत मनाविरुद्ध हालचाली होतात, काहींचा तोल सांभाळला जात नाही. डाउन सिंड्रोममध्ये ताठरपणाच्या उलट चित्र दिसते. स्नायू ढिले आणि सांधे सैल असतात. ही मुले बहुधा चालतात, पण दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास किंवा त्यानंतर. दृष्टिहीन बाळाचे हातपाय धड असूनही ते उशिरा रांगते, कारण पुढे सरकण्याचे आमिष दाखवणारी नजरच त्याच्याकडे नसते आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे करण्याची समज उशिरा येते. अंतर्कर्णातच ऐकण्याची आणि तोलाची इंद्रिये शेजारी-शेजारी असल्याने काही कर्णबधिर मुलांचा तोल कच्चा राहतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना दुसऱ्याची हालचाल पाहून तशीच करणे अवघड जाते.

आणखी एक मोठा गट सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. शर्टाची बटणे लावताना रडकुंडीला येणारी, चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारी, वहीतल्या ओळी सोडून लिहिणारी मुले शाळेत ‘वेंधळी’ किंवा ‘आळशी’ ठरतात. त्यांच्यातल्या कित्येकांना विकासात्मक समन्वय-दोष असतो. शालेय वयाच्या शंभरांतल्या सुमारे पाच-सहा मुलांमध्ये तो आढळतो, म्हणजे साधारण प्रत्येक मोठ्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असतात. त्यांच्यावर झालेला सर्वांत मोठा अन्याय म्हणजे त्यांच्या अडचणीला स्वभावदोष समजले जाणे.

शिक्षणशास्त्रात हालचालींची विभागणी स्थूल आणि सूक्ष्म कारक कौशल्यांत केली जाते. धावणे, उडी मारणे, जिना चढणे ही स्थूल कौशल्ये. मणी ओवणे, घास कालवणे, पेन्सिल धरणे ही सूक्ष्म. ही विभागणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. दोन्हींच्या मुळाशी स्नायूंचा ताण, तोल, आपले अवयव कुठे आहेत याची आतून होणारी जाणीव आणि कृतीचा क्रम मनात जुळवण्याची क्षमता असते. बसताना धड सावरता आले नाही तर बोटे कितीही कुशल असोत, अक्षर नीट येत नाही. हात टेबलाला घट्ट धरून ठेवण्यातच गुंतलेला असेल, तर तो लिहिणार कसा?

या क्षेत्राच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी पुढे आला आहे: हालचाल कोणी करायची? उपचार करणाऱ्याने मुलाचे अंग हलवायचे, की मुलाने स्वतः हलायचे? निरनिराळ्या पंथांचे मतभेद या प्रश्नाच्या उजेडात नीट कळतात.

सुरुवात शिक्षणातून झाली. फ्रान्समध्ये एदुआर सेगँ यांनी बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी स्नायू आणि इंद्रिये यांपासून आरंभ केला. शिड्या, झोके आणि वजने हीच त्यांची पाठ्यपुस्तके होती. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि १८६६ मध्ये त्यांचा या पद्धतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेखनाचा मारिया माँटेसरी यांनी बारकाईने अभ्यास केला. बटणे, नाड्या आणि बंद यांच्या चौकटी, ओतणे-भरणे, रेषेवरून तोल सांभाळत चालणे हे सारे माँटेसरी शाळांतून जगभर गेले. तीच परंपरा ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला ग्रामीण व आदिवासी मुलांच्या अंगणात आणली. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही बालवाडीत दिसणाऱ्या या साधनांचा मूळ धागा अक्षमता असणाऱ्या मुलांसाठी केलेल्या कामापर्यंत पोचतो. या मुलांना समजून घेताना सापडलेले ज्ञान सगळ्याच मुलांच्या उपयोगी पडले, हे इथे आवर्जून नोंदवायला हवे.

वैद्यकातला प्रवाह वेगळ्या दिशेने आला. लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांमधला ताठरपणा यांचा संबंध मांडला. दीर्घकाळ हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओच्या साथींनी अस्थिरोग विभाग भरून गेले आणि व्यायामोपचाराला शास्त्राचे रूप आले. मात्र पोलिओत स्नायूंची शक्ती जाते, तर सेरेब्रल पाल्सीत स्नायूंना मिळणारी आज्ञाच बिघडलेली असते. एका आजारासाठी घडलेली पद्धत दुसऱ्याला पुरी पडेना, तेव्हा नवे पंथ जन्माला आले.

यांतला सर्वांत प्रभावी पंथ बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याचा. १९४० च्या दशकात लंडनमध्ये काम करताना बर्टा यांच्या लक्षात आले की मुलाला विशिष्ट प्रकारे धरले, वळवले, की ताठरपणा सैलावतो. या हाताळणीवर उभी राहिलेली पद्धत भारतातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांतही अनेक पिढ्यांनी शिकली. चेक वैद्य वाक्लाव्ह व्होयता यांनी शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर दाब देऊन सरकण्याच्या आणि वळण्याच्या प्रतिक्षिप्त हालचाली जागवण्याचा मार्ग घेतला. हंगेरीत आंद्राश पेटो यांनी उपचार आणि शाळा वेगळ्या ठेवायलाच नकार दिला. त्यांच्या बुडापेस्टच्या संस्थेत मुले गटात, फळ्यांच्या बाकांवर, तालात बोलत आणि गात दिवसभर स्वतःच्या हालचाली शिकत. ‘मी हात वर नेतो’ असे म्हणत हात वर न्यायचा, ही त्यांची रीत. मूल स्वतः प्रयत्न करते यावर भर देण्याच्या बाबतीत पेटो इतरांच्या बरेच पुढे होते. त्यांच्या पद्धतीचे इतर दावे नंतरच्या अभ्यासांत तितकेसे टिकले नाहीत, पण हा मुद्दा टिकला.

याच काळात एक मोठी दिशाभूलही झाली. फिलाडेल्फियात डोमन आणि डेलाकाटो यांनी असा सिद्धांत मांडला की मुलाचे हातपाय इतरांनी रोज ठरावीक पद्धतीने रांगल्यासारखे हलवले, तर मेंदूची रचनाच सुधारते. अनेक आईवडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून दिवसाचे तासन् तास या कामात घातले. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने १९६८ मध्ये आणि त्यानंतरही या पद्धतीविषयी सावधगिरीचा इशारा दिला. हे प्रकरण जुने झाले, तरी त्यातली वेदना आजची आहे. सेरेब्रल पाल्सीसाठी मूलपेशींचे महागडे उपचार किंवा उच्च दाबाचा ऑक्सिजन विकणाऱ्या जाहिराती पालकांच्या त्याच आशेवर चालतात, आणि अशा उपचारांसाठी दागिने आणि शेतजमीन विकली जाणे हे संतापजनक आहे.

संवेदनांकडे लक्ष वेधले ते कॅलिफोर्नियातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना मेंदूत नीट जुळल्या नाहीत तर शिकणे आणि वागणे बिघडते, असे त्यांनी १९७२ च्या ग्रंथात मांडले. झोके, घसरगुंड्या, मोठे चेंडू यांनी भरलेल्या आजच्या थेरपी-खोल्या हा त्यांचा वारसा. काही स्वमग्न मुलांना त्याचा फायदा होतो. मात्र झोक्यावर बसवले की सगळे आपोआप सुधारेल, असे समजणे त्यांच्या विचाराला धरून नाही. मूल झोक्यावर काय करायचे ते स्वतः ठरवते आणि करते, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता.

खरे वळण मात्र प्रयोगशाळेतून आले. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकल्यासारखे करते, आणि दोनेक महिन्यांत हे थांबते. मेंदू पक्व होताना ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ मान्य होते. एस्थर थेलेन यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात बुडवले, आणि पावले परत दिसू लागली. पायांवर चरबी चढून ते जड झाले होते, एवढेच कारण! यातून असा विचार रुजला की हालचाल केवळ मेंदूच्या आज्ञेतून घडत नाही. शरीराचे वजन, जमीन, परिसर आणि समोरचे काम या सगळ्यांच्या मेळातून ती जुळून येते. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. मेंदूतली इजा बदलता येत नसली तरी खुर्चीची उंची, चमच्याचा दांडा, जमिनीचा खडबडीतपणा आणि कामाचा अवघडपणा बदलता येतो.

दुसरे निरीक्षण कॅरन ॲडॉल्फ यांचे. नुकतीच चालू लागलेली मुले मोकळी खेळत असताना तासाला सरासरी सुमारे २,४०० पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसले. या आकड्यांशेजारी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाच्या थेरपीचा हिशेब ठेवून पाहावा. एवढ्या थोड्या वेळात कोणाच्याही हातून मूल चालायला शिकणार नाही. उरलेल्या वेळात घरी आणि शाळेत काय घडते त्यावर सगळे अवलंबून आहे. थेरपिस्टचे काम कमी महत्त्वाचे ठरत नाही, पण ते बदलते. दिवसभराचा सराव कसा घडेल हे आखणारा मार्गदर्शक अशी त्याची भूमिका होते.

गेल्या तीस वर्षांत पुराव्याचा कौलही याच बाजूने पडला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून १९९७ मध्ये आलेल्या पाच स्तरांच्या वर्गीकरणामुळे सेरेब्रल पाल्सी असलेले मूल पुढे काय करू शकेल याचा प्रामाणिक अंदाज पालकांना सांगता येऊ लागला. पहिल्या स्तरावरचे मूल आधाराशिवाय चालते आणि धावते. पाचव्या स्तरावरच्या मुलाला मान सावरायलाही मदत लागते. स्थूल हालचालींची बहुतेक क्षमता पाच वर्षांच्या आतच येते, हेही त्याच संशोधनातून दिसले. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सर्व उपचारांना वाहतूक-दिव्यांसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. हिरव्या रंगात आले ते मुलाने आणि कुटुंबाने ठरवलेल्या कामाचा प्रत्यक्ष सराव, दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव, बरा हात काही काळ बांधून दुबळ्याला कामाला लावणे आणि नीट आखलेला घरचा कार्यक्रम. केवळ ओढून-ताणून करायच्या व्यायामाची बाजू लंगडी ठरली. जिना चढायचा असेल तर जिन्यावरच शिकावे लागते, हे आता शास्त्राने मान्य केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अक्षमतेची मांडणीच बदलली आणि सहभाग हा तिच्या केंद्राशी आणला. त्याच धाग्यावर पीटर रोझनबाम यांनी कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य या सहा गोष्टी प्रत्येक मुलाच्या आखणीत असाव्यात असे सुचवले. त्यांत मौज आणि मित्र आहेत, हे फार महत्त्वाचे. दहा वर्षांचे मूल टाच टेकून सुंदर चालते पण त्याला खेळायला कोणी घेत नाही, तर त्या चालण्याचा उपयोग काय?

खेळाच्या मैदानाचा इतिहासही याच कथेचा भाग आहे. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी स्पर्धा घेतल्या आणि त्यांतून पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी १९६८ मध्ये शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू झाले. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलांनाही मल्लखांबावर चढवले. मल्लखांबाची पकड स्पर्शाने आणि अंगाच्या जाणिवेने शिकायची असते, हे लक्षात घेतले तर दृष्टिहीन मुलाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

मुंबईला या क्षेत्रात अग्रमान आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्याच्या सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली आणले. कायद्यांचे पाठबळ नंतर आले. १९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतांचे प्रकार सातांवरून एकविसांवर नेले आणि सर्वसमावेशक शिक्षणात खेळाचाही अंतर्भाव केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आणली.

तरीही आज या विषयाची निकड वाढलीच आहे. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. मात्र नवजात अतिदक्षता कक्षांमुळे कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे आता जगतात, आणि त्यांतल्या काहींना पुढे हालचालींच्या अडचणी येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. थेरपिस्ट मात्र मोठ्या शहरांत एकवटले आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आईला मुलाला पाठीवर घेऊन एसटीने जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. शाळेतही शारीरिक शिक्षणाच्या तासाला या मुलाला सावलीत बसवून इतरांची दप्तरे राखायला सांगितले जाते. यामागे बहुधा दुष्टावा नसतो, शिक्षकांना काय करावे हे माहीत नसते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिव्यांग मुलांनाही दिवसाला सरासरी साठ मिनिटे चांगली दमवणारी हालचाल हवी असे सांगितले. दप्तरे राखून ती मिळत नाही.

याच ठिकाणी मराठी घराची आणि अंगणाची संपत्ती कामी येते. पांगुळगाडा ही आधाराने चालण्याची आद्य सोय. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांना परदेशी विकास-तक्त्यांत फारसे स्थान नाही, पण पंगतीत बसण्यासाठी आणि शौचालयासाठी ती इथल्या मुलाची खरी गरज आहे. लगोरीत नेम आणि वाकणे, सागरगोट्यांत डोळे आणि हात यांचा मेळ, लेझिमीत ताल आणि दोन्ही हातांचे एकत्र काम, फुगडीत तोल आणि साथीदारावरचा विश्वास आहे. यांतला प्रत्येक खेळ नियम बदलून खेळता येतो: लगोरीचे ठिकरे मोठे करावेत, चेंडू मऊ घ्यावा, चाकांच्या खुर्चीतल्या खेळाडूला रिंगण अर्धे द्यावे. मेक्सिकोतल्या खेड्यांत दिव्यांगांबरोबर काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात बांबू, पुठ्ठा आणि जुन्या सायकलीची चाके यांपासून साधने कशी बनवायची हे दाखवले होते. महाराष्ट्रातल्या गावांतही सुतार, वेल्डर आणि बांबूकाम करणारे आहेत.

उत्साहाच्या भरात सावधगिरी सुटू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके अस्थिर असतात, म्हणून कोलांटी किंवा डोक्यावर उभे राहण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ड्युशेन प्रकारच्या स्नायुक्षयात ‘आणखी थोडे, आणखी थोडे’ म्हणत मुलाला थकवणे घातक ठरते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. सुरुवातीला तो दुखत नाही, त्यामुळे ठरावीक काळाने एक्स-रे काढणे हाच उपाय. फेफरे येणाऱ्या मुलाला पोहताना एकटे सोडू नये.

प्रस्तुत पुस्तक या पार्श्वभूमीवर लिहिले गेले आहे. ते पालक, अंगणवाडी सेविका, विशेष शिक्षक आणि सर्वसाधारण शाळेतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक यांच्यासाठी आहे. एखाद्या पंथाची बाजू घेणे हा त्याचा हेतू नाही; ज्या पद्धतीतले जे टिकले, ते त्यात घेतले आहे. रोगाच्या नावाऐवजी रोजच्या कामावरून मांडणी केली आहे: बसणे, जेवणे, कपडे घालणे, जागा बदलणे, लिहिणे, खेळणे. कृती सुचवताना मुलाला त्या दिवशी काय करायचे आहे हा प्रश्न आधी विचारला आहे, आणि साधने शक्य तितकी घरातली ठेवली आहेत. चालू न शकणाऱ्या मुलांना यात दुय्यम स्थान नाही. खुर्ची, वॉकर किंवा कोणाच्या कडेवरून का होईना, खेळात सामील होणे हे त्यांच्याही बाबतीत साध्य मानले आहे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक तपासणीची जागा घेऊ शकत नाही. चार महिन्यांचे बाळ मान सावरत नसेल, नऊ महिन्यांचे बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर करत असेल, किंवा आलेली हालचाल कोणत्याही वयात हरवत असेल, तर ‘मोठे झाले की होईल’ या आश्वासनावर थांबू नये. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे. तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत.